गोव्यातले सगळे गुलाम आफ्रिकेतलेच होते का?

ओल्ड गोवा बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण दोन गोष्टी ठोकून सांगतो: इथले गुलाम म्हणजे सगळे खापरी (आफ्रिकन), आणि 1761 मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने गुलामगिरी बंद केली. दोन्ही अर्धवट आहेत.

मोझांबिकहून माणसं आणली जात, हे खरंच. पण बंगाल, मलबार, चीन, अगदी जपानहूनही आणली जात. जपानी माणसं गुलाम करू नयेत असा हुकूम पोर्तुगालच्या राजाने 1570 मध्ये काढला. धंदा चालू होता म्हणूनच ना! 1583 मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोतेन या डच माणसाने लिहून ठेवलंय, की रुआ दिरैता या हमरस्त्यावर सकाळी लिलाव भरे आणि त्यात घोडे, मसाले, सामानसुमान यांच्यासोबत माणसंही विकली जात. व्हाइसरॉयच्या कमानीतून वर चढतो तोच हा रस्ता. आज तिथे आपण सेल्फी काढतो.

आता 1761. तो कायदा पोर्तुगालच्या भूमीवर उतरणाऱ्या गुलामांपुरता होता. गोव्यातल्या घराघरांत राबणाऱ्यांना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. गुलामांच्या व्यापारावर बंदी 1836 ची. वसाहतींतली गुलामी कागदोपत्री संपली 1869 मध्ये, तीही सुटलेल्यांनी काही वर्षं जुन्या मालकाकडेच राबावं या अटीवर.

कित्येकांनी कायद्याची वाट पाहिली नाही, घाट चढून पळाले. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्दींपैकी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांपैकी, अनेकांचे पूर्वज तेच. त्यांच्या तोंडी आजही कोकणीची एक तऱ्हा आहे.