अर्धशिशी आणि खोट्या सुईचा घोळ

सुंठेचा लेप, नाकात साजूक तुपाचे थेंब, डोक्याला करकचून बांधलेला पंचा: अर्धशिशीवरचे हे उपाय घरोघरी माहीत आहेत. पहिल्या शतकातला एक रोमन वैद्य तर दुखत्या डोक्यावर चक्क विजेचा मासा ठेवायला सांगे. मोजमाप आलं ते फार उशिरा. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये बोटाला तापमापक लावून, आकड्यावर नजर ठेवत हात ऊबदार करण्याची तालीम रुग्णांना मिळू लागली. दुखणं डोक्याचं, शिकवणी हाताची! हेच ते बायोफीडबॅक.

पण गाजलं ते ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरच्या ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचण्याचा उपचार. जर्मनीत सरकारी आरोग्यविम्याच्या पैशाने मोठ्या चाचण्या झाल्या. त्यात तुलनेसाठी वापरलेली ‘खोटी सुई’ नावालाच खोटी. ती टोचली जाईच, फक्त वरवर आणि ठरलेले बिंदू सोडून. ३०२ रुग्णांच्या चाचणीचा निकाल २००५ मध्ये आला. दुखण्याचे दिवस निम्म्याने तरी घटलेले रुग्ण खऱ्या सुईच्या गटात ५१ टक्के, खोट्या सुईच्या ५३ आणि नुसत्या प्रतीक्षायादीवरच्या गटात १५. पुढच्या वर्षीच्या मोठ्या चाचणीत खरी सुई ४७, खोटी ३९, रोजची प्रतिबंधक औषधं ४०. हा फरकही संख्याशास्त्राच्या हिशेबात टिकला नाही.

एप्रिल २००६ मध्ये निर्णय झाला: जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी सुयांचा खर्च विमा देईल, डोकेदुखीसाठी नाही. वास्तविक कंबरदुखीतही खरी-खोटी सुई जवळपास सारखीच ठरली होती. पण तिथे दोन्ही सुया नेहमीच्या उपचारांना मागे टाकत होत्या, अर्धशिशीत औषधांच्या फक्त बरोबरीला आल्या. रोज गोळी गिळून जे साधतं ते सहा आठवड्यांत दहाएक वेळा टोचून घेऊन साधत असेल, तर बरोबरीला नापासाचा शेरा का? इंग्लंडच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी उलट कौल दिला: टोपिरामेट आणि प्रोप्रानोलॉल ही प्रतिबंधक औषधं चालत नसतील, तर सुयांच्या दहापर्यंत बैठकांचा विचार करावा.

मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने कपाळावर लावायच्या विद्युत-पट्टीला परवानगी दिली. आधार ६७ जणांच्या चाचणीचा: दुखण्याचे दिवस निम्म्याने तरी घटलेले रुग्ण खऱ्या पट्टीच्या गटात ३८ टक्के, खोट्या पट्टीच्या १२. पेच मात्र जुनाच: तुलनेसाठी खोटं बनवायचं कसं? खऱ्या पट्टीने कपाळाला झिणझिण्या येतात. खोटीने तशा आल्या नाहीत, तर आपल्या कपाळी कोणती आली हे रुग्ण ओळखणारच.