ट्रिगरने गिळलेली त्रुटी

डेटाबेसच्या तक्त्यात नोंद घालताना, बदलताना किंवा पुसताना जे फंक्शन आपोआप चालते, त्याला ट्रिगर फंक्शन म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधून विक्रीच्या मोजक्या नोंदी गायब होत असल्याची तक्रार माझ्याकडे आली. पडद्यावर कसलीही त्रुटी दिसत नव्हती. मात्र नोंद घातल्यावर 'इन्सर्ट 0 1' असे उत्तर यायला हवे, तिथे अधूनमधून 'इन्सर्ट 0 0' येत होते आणि त्यातला शेवटचा शून्य एकही ओळ लिहिली गेली नसल्याचे सांगत होता.

विक्रीची ओळ लिहिण्याआधी चालणारा ट्रिगर साठ्यातून माल वजा करत असे. साठा शून्याखाली जाऊ नये म्हणून साठ्याच्या तक्त्यावर चेक बंधन, म्हणजे मूल्य तपासणारा नियम, होता. तो मोडला की 23514 या क्रमांकाची त्रुटी उठे. परंतु फंक्शनच्या शेवटी 'व्हेन अदर्स' लिहून जवळपास सगळ्याच त्रुटी पकडल्या होत्या आणि पुढे 'रिटर्न नल' (रिकामे मूल्य परत करणे) केले होते. त्रुटी पकडली जाताच फंक्शनच्या त्या ब्लॉकमधले, म्हणजे भागातले, साठ्याचे बदल मागे घेतले जात. ओळीआधीच्या ट्रिगरने नल परत केले की ती ओळ वगळली जाते, म्हणून विक्रीही लिहिली जात नसे, आणि एवढे होऊनही डेटाबेसमधला व्यवहार (एकत्र पार पडणाऱ्या बदलांचा गट) यशस्वी म्हणून कमिट, म्हणजे कायम, होई. माझ्या मते उघडपणे बंद पडणाऱ्या प्रोग्रामपेक्षा हे कितीतरी घातक आहे, कारण दुकानदार त्या आकड्यांवर विसंबून असतो.

अशा वेळी 'गेट स्टॅक्ड डायग्नोस्टिक्स' हे विधान उपयोगी पडते. पकडलेल्या त्रुटीचा क्रमांक, संदेश, तपशील आणि फंक्शनच्या कितव्या ओळीवर ती उठली, हे सारे त्यातून मिळते. ही माहिती वेगळ्या तक्त्यात लिहून त्रुटी पुन्हा वर, म्हणजे नोंद घालणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवावी, असे सहज वाटते. पण त्रुटी वर गेली की संपूर्ण व्यवहार मागे घेतला जातो आणि त्यासोबत आपली ती नोंदही पुसली जाते. 'रेझ लॉग'ने लिहिलेला मजकूर मात्र सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या घडामोडींच्या नोंदवहीत, जातो. तो व्यवहाराच्या बाहेर असल्यामुळे टिकतो.

आम्ही आधी हा मजकूर लॉगमध्ये लिहिला आणि नंतर नुसते 'रेझ' लिहून तीच त्रुटी पुढे जाऊ दिली. लॉगमधल्या पहिल्याच ओळीत 23514 हा क्रमांक होता, आणि विक्री करणाऱ्याला साठा अपुरा असल्याचे त्याच क्षणी कळू लागले.