कॅप्टन आयझॅक जॉन्सन: दलदलीतल्या लढाईत पडलेल्या माणसाचं घराणं कसं शोधावं

19 डिसेंबर 1675, रविवार. अमेरिकेतल्या आजच्या ऱ्होड आयलंड राज्यात, साउथ किंगस्टाउनजवळच्या एका गोठलेल्या दलदलीत नॅरागान्सेट या तिथल्या मूळनिवासी लोकांनी लाकडी तटबंदी उभारली होती. मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेक्टिकट या इंग्रज वसाहतींची हजाराच्या आसपास माणसं तिच्यावर चालून गेली. आत शिरायची वाट एका आडव्या ओंडक्यावरून होती. त्या ओंडक्यावरच मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरी गावचा कॅप्टन आयझॅक जॉन्सन गोळी लागून पडला. त्या दिवशी इंग्रजांचे सुमारे 70 जण मेले. तटाच्या आतली घरं इंग्रजांनी पेटवली आणि नॅरागान्सेटांची बायकामुलं शेकड्यांनी मेली. त्यांच्या नावांची यादी कोणी केली नाही. पुढे ज्या कागदांची माहिती येते ते सगळे एकाच बाजूचे आहेत, हे शोध घेणाऱ्याने पहिल्या पानापासून लक्षात ठेवावं.

जॉन्सन पगारी सैनिक नव्हता. वसाहतीत सोळा वर्षांपुढचा जवळपास प्रत्येक पुरुष गावच्या पथकात कवायतीला जाई. मोहीम निघाली की गावागावाला ठरावीक माणसं पुरवावी लागत. जॉन्सनच्या तुकडीतली सुमारे 75 माणसं रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, मिल्टन, ब्रेन्ट्री, वेमथ, हिंगम आणि हल या गावांची होती. म्हणून अशा माणसाचं घराणं शोधताना लष्करी दप्तर सगळ्यात आधी उघडण्यात अर्थ नाही. आधी त्याचं गाव पक्कं करावं.

पहिला घोळ नावाचा होतो. याच वसाहतीत आणखी एक, जास्त प्रसिद्ध आयझॅक जॉन्सन होऊन गेला. तो लेडी अर्बेलाचा नवरा, 1630 मध्ये वसाहतीत आलेल्या जहाजांच्या ताफ्यातला बडा असामी. तो 1630 मध्येच वारला आणि त्याला मूलबाळ नव्हतं. तरीही कित्येक वंशावळींत कॅप्टनची मुलं त्याच्या नावावर चढवलेली दिसतात. शिवाय कॅप्टनच्या एका मुलाचं नावही आयझॅकच. तिसरा घोळ वोबर्नच्या कॅप्टन एडवर्ड जॉन्सनचा. तो केंट परगण्यातून आलेला, त्यामुळे आयझॅकचं घराणंही केंटचंच असं पूर्वी लिहिलं जाई. प्रत्यक्षात आयझॅकच्या आईवडिलांचं, म्हणजे जॉन जॉन्सन आणि मेरी हीथ यांचं लग्न 1613 मध्ये हर्टफर्डशरमधल्या वेअरच्या चर्चमध्ये नोंदलेलं आहे. मेरीचे माहेरचे हीथ लोकही पुढे रॉक्सबरीतच स्थायिक झाले. आडनाव इतकं सर्रास असलं की आईच्या माहेरचा माग काढणं हाच भरवशाचा मार्ग.

वडील जॉन हे वसाहतीच्या शस्त्रसाठ्याचे अधिकारी होते. 1645 च्या फेब्रुवारीत त्यांच्या घराला आग लागली आणि आत ठेवलेली सरकारी, बंदुकीच्या दारूची 17 पिंपं उडाली. बॉस्टन आणि केंब्रिजमध्ये घरं हादरली, लोकांना भूकंप वाटला. गावच्या शाळेचं पहिलं दप्तर आणि सनदही त्याच घरात जळाली. म्हणून रॉक्सबरीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी पादरी जॉन एलियट यांनी ठेवलेलं चर्चचं वहीखातं फार मोलाचं ठरतं. कोण कोणत्या साली आला, बायको कोण, मुलं किती, हे त्यांनी सभासदांच्या नावांपुढे लिहून ठेवलं आहे. जमिनीच्या नोंदींसह ते छापून आलेलं आहे.

आता तारखा. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. 1752 पर्यंत इंग्रजांकडे जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं आणि नवं वर्ष 25 मार्चला लागे. आयझॅक आणि एलिझाबेथ पोर्टर यांच्या लग्नाची तारीख 20 जानेवारी 1636/7 अशी लिहितात: त्यांच्या हिशेबाने साल 1636, आपल्या हिशेबाने 1637. त्यात हे प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे) लोक महिन्यांची नावं टाळून आकडे लिहीत आणि मार्चला पहिला महिना धरत. म्हणजे वहीत ‘10वा महिना’ दिसला तर तो ऑक्टोबर नव्हे, डिसेंबर. लढाईची 19 डिसेंबर ही तारीखही जुन्या गणनेची आहे, आजच्या गणनेने 29. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 हीसुद्धा ज्युलियन तारीखच आहे, त्यामुळे शिवकाळाचे कागद वाचणाऱ्यांना ही दहा दिवसांची तफावत ओळखीची असेल. तारीख उतरवताना मूळ रूप जसंच्या तसं ठेवावं, रूपांतर शेजारी वेगळं लिहावं. एकदा का दोन्ही मिसळली की आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेली मुलं वंशावळीत दिसू लागतात.

यानंतर पगाराची खातेवही. वसाहतीचा युद्ध-खजिनदार जॉन हल याचे हिशेब बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटीत आहेत. साध्या शिपायाला आठवड्याला 6 शिलिंग मिळत. रक्कम पौंड, शिलिंग, पेन्स अशी तीन रकान्यांत असते (20 शिलिंगांचा पौंड, 12 पेन्सांचा शिलिंग), त्यामुळे भागाकार करून किती आठवडे चाकरी झाली याचा अंदाज बांधता येतो. पण नावाशेजारची तारीख पैसे जमा झाल्याची असते, चाकरीची नव्हे. लढाईनंतर कित्येक महिन्यांनी एखाद्याच्या नावे रक्कम दिसली म्हणून तो जिवंत होता असं समजू नये. पगार बरेचदा घरच्यांच्या खर्चासाठी गावाकडे वळवलेला असे, आणि या रकमांच्या गाववार याद्या आहेत. माणूस कुठला हे ठरवायला त्यांच्याइतका चांगला पुरावा सहसा मिळत नाही. तुकड्यांच्या हजेरीपटांसाठी मॅसॅच्युसेट्स अर्काइव्ह्जचे 67 आणि 68 हे खंड पाहावेत.

कबर शोधत बसू नये. लढाईच्या रात्रीच सैन्य बर्फातून मैलोन् मैल चालत विकफर्डजवळच्या स्मिथच्या गढीकडे परतलं. काही प्रेतं मागेच राहिली आणि सुमारे 40 जणांना गढीपाशी एकाच खड्ड्यात पुरलं.

वारस शोधायला खरा उपयोग होतो तो इनाम जमिनीच्या दाव्यांचा. मोहिमेवर निघताना डेडमच्या माळावर शिपायांना सांगितलं होतं की किल्ला घेतलात तर पगाराखेरीज जमीनही मिळेल. हा शब्द पाळायला अर्धं शतक उलटलं. 1733 च्या जूनमध्ये बॉस्टन कॉमनवर दावेदार जमले तेव्हा त्यांची संख्या 840 भरली. 120 जणांचा एक, असे सात गट करून प्रत्येकाला एक वसाहतगाव दिलं गेलं. ही गावं ‘नॅरागान्सेट’ नावाने आणि क्रमांकाने ओळखली जात. क्रमांक 1 म्हणजे मेन राज्यातलं आजचं बक्स्टन, 2 म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं वेस्टमिन्स्टर, 7 म्हणजे मेनमधलं गोरम. तोवर लढलेल्यांपैकी बहुतेक गेलेले होते, म्हणून यादीत मुलगा, नातू, जावई किंवा हक्क विकत घेतलेला परकाही असतो. ‘in right of’ (अमक्याच्या हक्काने) हे इंग्रजी शब्द नीट वाचावेत. त्यांच्या आधीचं नाव दावेदाराचं, नंतरचं शिपायाचं. छापील याद्यांची घाईने नक्कल करताना हे शब्द गळतात आणि 1675 नंतर जन्मलेला माणूस लढाईत उभा राहतो.

मृत्युपत्र नसलं तरी वाटणीचे कागद पाहावेत. मॅसॅच्युसेट्समध्ये थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे, त्यामुळे वाटे मोजले तर थोरला कोण आणि हयात भावंडं किती हे कळतं. रॉक्सबरीचे 1793 पर्यंतचे वारसाचे आणि खरेदीखतांचे कागद सफोक काउंटीत आहेत. त्यानंतरचे नॉरफोक काउंटीत पाहावेत, आणि 1868 मध्ये गाव बॉस्टनला जोडलं गेल्यावर पुन्हा सफोकमध्ये.

कॅप्टनची पुढची पिढी मात्र रॉक्सबरीत फारशी सापडत नाही. मुलगा आयझॅक कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला गेला. त्या राज्यातल्या 1850 पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूंसाठी बार्बर संग्रहाची सूची वापरावी, पण सूचीवर न थांबता मूळ नोंद उघडावी. मुलगी एलिझाबेथ हेन्री बोवेनला दिली होती. दलदलीच्या लढाईत हा जावई सासऱ्याच्याच तुकडीत निशाणाचा अधिकारी होता. 1686 मध्ये रॉक्सबरीकरांनी वुडस्टॉक वसवलं तेव्हा बोवेन तिकडे गेले. वुडस्टॉक 1749 पर्यंत मॅसॅच्युसेट्सच्या ताब्यात होतं, नंतर कनेक्टिकटकडे गेलं. म्हणून बोवेनांची जुनी खरेदीखतं आधी सफोक आणि 1731 पासून वूस्टर काउंटीच्या नोंदणीत शोधावीत. 1749 नंतरची थेट वुडस्टॉकच्या टाउन क्लार्ककडे मागावीत, कारण कनेक्टिकटमध्ये जमिनीचं दप्तर काउंटी नव्हे, गावच ठेवतं.