बंदर नव्हतं म्हणून झालेली चित्रं

एकोणिसाव्या शतकातल्या डच चित्रांत वाळूवर टेकलेल्या जाडजूड बोटी दिसल्या की ते बहुतेक वेळा द हेग शहराला लागून असलेलं स्खेव्हेनिंगेन असतं. चित्रकाराने हौसेने मांडल्यात असं वाटतं पण तसं काही नाही, गावाला बंदरच नव्हतं. मग बोटी सपाट बुडाच्या बांधायच्या, भरतीला थेट किनाऱ्यावर घुसवायच्या, पाणी हटलं की मासळी खाली, लिलाव पण तिथेच, आणि बोट अजून वर घ्यायची तर घोडे जुंपायचे (अँटन मॉव्हच्या चित्रांत हे घोडे मस्त आलेत). सगळा धंदा उघड्यावर, चित्रकारांना अजून काय पाहिजे!

यातला सगळ्यात मोठा खटाटोप हेन्ड्रिक विलेम मेस्डाखचा. हा माणूस घरच्या बँकेत होता, १८६६ मध्ये पस्तिशीला नोकरी सोडून चित्रकलेत उतरला आणि १८७० ला पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात समुद्राच्या चित्राला थेट गोल्ड मेडल. पुढे एका बेल्जियन कंपनीने त्याला गोल पॅनोरमाचं, म्हणजे बघणाऱ्याच्या चारी बाजूंनी फिरणाऱ्या अवाढव्य चित्राचं, काम दिलं. तेव्हा सिनेमा नव्हता, असले पॅनोरमा लोक तिकीट काढून बघायचे. गावातली एक उंच टेकडी कॅफेसाठी सपाट होणार होती, तिच्यावर काचेचा सिलिंडर ठेवून आतून दिसेल तसं त्याने काचेवर रेखाटलं. १८८१ ला तयार झालेलं चित्र १४ मीटर उंच आणि घेर सुमारे १२० मीटर! बायको सिन्त्ये स्वतः चित्रकार, तिचा हात आहेच, शिवाय ब्राइटनर वगैरे तरुण चित्रकार. बघणारा आणि चित्र यांच्या मधे खरी वाळू टाकलीय, त्यामुळे चित्र कुठे सुरू होतं तेच कळत नाही. कंपनी १८८६ मध्ये बुडाली, तेव्हा मेस्डाखनेच ते विकत घेतलं म्हणून आज द हेगमध्ये बघायला मिळतं.

१८८२ च्या ऑगस्टमध्ये व्हॅन गॉगनेही इथेच वादळात उभं राहून बोट आणि माणसं रंगवली, रंगात अडकलेले वाळूचे कण अजून आहेत. (हे चित्र २००२ ला चोरीला गेलं आणि २०१६ ला नेपल्सजवळ सापडलं, तो वेगळाच किस्सा.)

१८९४ च्या डिसेंबरात मोठ्या वादळाने किनाऱ्यावरच्या बोटींची वाट लावली, मग बंदराची मागणी जोरात आली आणि १९०४ ला बंदर झालं. तिथे खोल बुडाच्या वेगवान बोटी लागायला लागल्या, सपाट बुडाच्या बोटींचं काम संपलं.