‘अपेंडिक्सच ना, मग आठ दिवस कशाला?’

पेशंटला भेटायला आलेल्यांपैकी एक तरी हे विचारतोच. त्यात शेजारच्या खाटेवरचा काल ऑपरेशन होऊन आज घरी निघालेला असला, की शंकेला आणखी जोर चढतो. पण या आजाराला पायऱ्या आहेत.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली, करंगळीसारखी नळी. तिच्या तोंडाशी पुष्कळदा मळाचा वाळका खडा अडकतो. आतलं अस्तर मात्र चिकट स्राव पाझरतच राहतं. त्याला वाट नाही, म्हणून दाब वाढतो. खरी गंमत पुढे आहे. रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या भिंती पातळ, त्यातला दाबही कमी. त्या आधी चेपतात. रोहिण्या, म्हणजे रक्त आणणाऱ्या वाहिन्या, दणकट; त्या रक्त आणतच राहतात. रक्त येतं, पण परत जात नाही. अपेंडिक्स लालबुंद होऊन टम्म फुगतं. ही पहिली पायरी. दाबाने रोहिण्याही हरल्या की भिंत काळी पडून कुजते, ती दुसरी. कुजकी भिंत फुटून आसपास घाण झाली, ती तिसरी. मग वपा, म्हणजे पोटातला चरबीचा पडदा आणि शेजारची आतडी तिथे चिकटून बांध घालतात. आत गोळा किंवा पुवाचं गळू होतं, ती चौथी. पू पोटभर पसरला तर पाचवी.

ही प्रतवारी ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा’ची. पायरी जितकी वरची, तितकी गुंतागुंत जास्त आणि मुक्काम लांब, असं अभ्यासांत दिसलं आहे. १९८६ चा अल्व्हाराडो स्कोअर वेगळा: दहापैकी गुण देऊन तो अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज, असण्याची शक्यता किती ते सांगतो, किती बिघडलंय ते नाही. अर्थात नुसत्या पायरीवर सगळं ठरत नाही. वय आणि मधुमेहासारखे जुने आजारही हिशेबात धरावे लागतात.

आपल्याकडे वेळ जातो तो ‘बेंबी सरकली’ म्हणून तेल लावून पोट चोळण्यात, नाहीतर एरंडेल पाजण्यात. अपेंडिक्सच्या संवेदना बेंबीभोवतालच्या त्वचेच्याच पातळीवर मज्जारज्जूत शिरतात, म्हणून मेंदूला आधी दुखणं बेंबीपाशी वाटतं. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की ते उजवीकडे खाली उतरतं. सरकतं ते दुखणं, बेंबी नव्हे!

दुखणं अंगावर काढण्यात राजेही मागे नव्हते. २६ जून १९०२ ला इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरलेला. पोटात गळू झालं तरी तो समारंभ पुढे ढकलायला तयार नव्हता. अखेर २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी पोट उघडलं. आजच्या मोजपट्टीवर ही चौथी पायरी. ट्रीव्ह्जनी अपेंडिक्सला हात लावला नाही, फक्त पू काढला. ९ ऑगस्टला राजाने मुकुट घातला, तेव्हा अपेंडिक्स पोटातच होतं.