उपनगरातलं लहान अँग्लिकन पॅरिश

पॅरिश म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चची, सगळ्यात खालची पातळी, आणि खरं काम होतं ते इथेच. वसईचे कॅथलिक लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात साधारण तसंच, एक आखलेली हद्द, त्यात एक चर्च आणि त्या हद्दीची जबाबदारी असलेला एक पाळक, ज्याला तिकडे व्हिकर किंवा रेक्टर म्हणतात. अशी सुमारे १२,५०० पॅरिश आहेत आणि त्यांनी इंग्लंडचा नकाशा पूर्ण भरलेला आहे, म्हणजे तुम्ही तिथे कुठेही राहात असा, हिंदू असा, मुस्लिम असा, देवच मानत नसाल तरी तुमचं घर कुठल्या ना कुठल्या पॅरिशमध्ये येतंच. या नोंदीत मुख्यतः लंडनसारख्या शहरांच्या उपनगरांतल्या लहान पॅरिशबद्दल लिहिलंय, जिथे रविवारी पाच-पन्नास माणसं जमतात, एखादा हॉल असतो, छप्पर गळत असतं, आणि जिथल्या लोकांनी ठरवून दार सगळ्यांना उघडं ठेवलंय.

ही हद्दीची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे कारण बाकी सगळं तिच्यातून येतं. जिमचं असतं तसं चर्चचं मेंबर व्हायचं, फी भरायची आणि मग सुविधा मिळणार, असा प्रकार इथे नाही. हद्दीत राहणाऱ्या माणसाला तिथल्या चर्चमध्ये लग्न करायचा कायदेशीर हक्क आहे, मुलाचा बाप्तिस्मा करून घेता येतो, अंत्यविधी मागता येतो, आणि तो याआधी कधी चर्चची पायरी चढला होता का हा प्रश्न त्यात येत नाही. वर्षातून एकदा चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची इमारत आणि व्यवहार सांभाळणारे बिनपगारी पदाधिकारी, निवडायची सभा होते, त्यात चर्चच्या यादीत नाव असलेले लोक मत देतातच, पण पॅरिशमध्ये राहणारा आणि नगरपालिकेच्या मतदारयादीत असलेला कोणीही मत देऊ शकतो. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून तिथल्या मतदारयादीत नाव घालू शकतात, म्हणजे लंडनच्या हॅरो किंवा हाउन्स्लो भागात राहणारं एखादं मराठी कुटुंबसुद्धा आपल्या भागातल्या चर्चचा वॉर्डन कोण असावा यावर मत देऊ शकतं. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं आणि त्या सभेला बहुतेक वेळा नेहमीचीच मंडळी असतात, पण कायदा असा आहे, आणि तो फार जुन्या काळाची आठवण ठेवून आहे. १५३८ पासून बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी पॅरिशने ठेवायच्या असा हुकूम होता, १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसायची जबाबदारीही पॅरिशवर टाकली, ती १८३४ पर्यंत होती. पावसाळ्याआधी आपण शिव बघून येतो तशी काही पॅरिशमध्ये आजही रोगेशनच्या दिवसांत, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, हद्दीवरून फेरी काढतात, पोरं हातातल्या काठ्यांनी हद्दीचे दगड बडवत जातात आणि पीक-पाणी, रस्ते, दुकानं, शाळा सगळ्यांसाठी प्रार्थना होते.

उपनगरातली चर्चेस मात्र बरीचशी नंतरची. एकोणिसाव्या शतकात लंडन फुगत गेलं तेव्हा जुनी पॅरिश तोडून नवी केली गेली, पार्लमेंटने १८१८ मध्ये नव्या चर्चबांधणीला दहा लाख पाउंड दिले, आणि पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रेल्वेलाइनीच्या कडेने घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या तशी तिथेही विटांची साधी चर्चेस उभी राहिली, बऱ्याच ठिकाणी आधी नुसता हॉल आणि मग पैसे जमतील तसं चर्च. त्यामुळे या इमारतींना गावातल्या जुन्या चर्चचा तोरा नसतो, पर्यटक येत नाहीत. एका अर्थी ते बरंच आहे, कारण ती वास्तू सांभाळण्यापेक्षा वापरायची असते हे लोकांना पटकन कळतं.

कारभार बघायला पीसीसी म्हणजे पॅरोकियल चर्च कौन्सिल असते, निवडून आलेली, बिनपगारी. तिची सुरुवात १९१९-२१ च्या कायद्यांतून झाली. दोन चर्चवॉर्डन, एक खजिनदार, एक सेक्रेटरी, एक सेफगार्डिंग ऑफिसर, म्हणजे मुलांच्या आणि दुबळ्या माणसांच्या सुरक्षिततेकडे बघणारा, आणि लहान पॅरिशमध्ये यातली दोन-तीन पदं एकाच माणसाकडे असतात, शिवाय फुलांच्या पाळीतही तोच असतो आणि कॉफीच्याही. सेफगार्डिंगचं काम कंटाळवाणं वाटतं, फॉर्म, ट्रेनिंग, पोलिसांकडची तपासणी, पण त्यात ढिलाई झाली की काय होतं ते चर्चने वाईट रीतीने शिकलंय. जॉन स्माइथ या माणसाने मुलांवर केलेल्या अत्याचारांची दखल वेळेत नीट घेतली गेली नाही, हे २०२४ च्या अहवालात आलं आणि कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे या चर्चचे सर्वोच्च पाळक, जस्टिन वेल्बी यांना पद सोडावं लागलं. जिथे लहान मूल सुरक्षित नाही तिथे ‘सगळ्यांचं स्वागत’ या पाटीला काहीच किंमत उरत नाही.

रविवारची उपासना बाहेरून बघणाऱ्याला साधी वाटेल. दारात एक जण हातात साँगबुक आणि सूचनांचा कागद देतो, गाणी, दोन-तीन शास्त्रपाठ, प्रवचन, मग जगासाठी आणि गल्लीतल्या आजारी माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना, मग ‘पीस’, म्हणजे सगळ्यांनी उठून एकमेकांचा हात हातात घेऊन शांती असो म्हणायचं, आणि लहान मंडळीत हे लांबतच जातं कारण प्रत्येकाला प्रत्येकाकडे जायचं असतं. त्यानंतर प्रभुभोजन, भाकर आणि एकाच प्याल्यातून द्राक्षारस. कोविडमध्ये मार्च २०२० ला हा सामायिक प्याला बंद झाला तेव्हा लोकांना त्याची किती सवय होती ते कळलं. दुसऱ्या कुठल्याही ख्रिस्ती चर्चचा सभासद, जो आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेतो, तो इथेही घेऊ शकतो, आणि २००६ च्या नियमांनंतर बिशपची परवानगी असलेल्या पॅरिशमध्ये दृढीकरण, म्हणजे कळत्या वयात श्रद्धेची कबुली द्यायचा विधी, न झालेली पण बाप्तिस्मा झालेली लहान मुलंही घेतात. आईबरोबर रांगेत आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला नुसता डोक्यावर हात मिळतो का हातावर भाकरीचा तुकडा, हा त्या पोरीसाठी केवढा मोठा फरक आहे!

‘इन्क्लुझिव्ह’, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं, हे बिरुद मात्र आपोआप लागत नाही. २००३ मध्ये जेफ्री जॉन या गे पाळकाची रेडिंगचे बिशप म्हणून निवड जाहीर झाली, ते ब्रह्मचर्य पाळत होते तरी इतका दबाव आला की त्यांना माघार घ्यावी लागली, आणि त्या संतापातून त्याच वर्षी लंडनच्या नैर्ऋत्येला पटनीमधल्या सेंट मेरीज चर्चमध्ये ‘इन्क्लुझिव्ह चर्च’ नावाची चळवळ सुरू झाली. जागा योग्यच होती, कारण १६४७ मध्ये याच चर्चमध्ये राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातल्या साध्या शिपायांनी आणि अधिकाऱ्यांनी मताचा हक्क गरिबातल्या गरिबालाही असावा का यावर वाद घातला होता. चळवळीची पद्धत सरळ आहे. पीसीसीने ठराव करायचा की पैसा, लिंग, मानसिक आजार, अपंगत्व, वंश, लैंगिकता अशा गोष्टींवरून आमच्याकडे भेदभाव होणार नाही, आणि मग यादीत नाव. हा ठराव हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून दहा-बारा माणसं करतात, कधी एका बैठकीत होतो, कधी वर्षभर घोळतो कारण कौन्सिलमधल्या कोणाला तरी मनापासून पटत नसतं आणि लहान मंडळीत एक माणूस दुखावला तरी सगळ्यांना लागतं. उलट दिशेचा ठरावही पीसीसी करू शकते हे विसरू नये. २०१४ मध्ये बिशपपद स्त्रियांना खुलं झालं तेव्हा ज्यांना स्त्री-पाळक मान्य नाहीत अशा पॅरिशला तसा ठराव करून पुरुष पाळक मागायची सोय ठेवली, ती आजही आहे.

स्त्रियांची वाट तर फारच लांबची होती. १९४४ मध्ये युद्धाच्या धामधुमीत हाँगकाँगच्या बिशपने फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना पाळकपदाची दीक्षा दिली, सगळ्या अँग्लिकन जगात पहिली, पण इंग्लंडमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना दीक्षा मिळायला १२ मार्च १९९४ उजाडावा लागला, ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये. २०१५ ला लिबी लेन चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप झाल्या आणि २०२५ मध्ये सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून जाहीर झालं. उपनगरातल्या पॅरिशमध्ये आता व्हिकर बाई असणं कोणाला विशेष वाटत नाही, शाळेतली पोरं चित्रात व्हिकर काढताना बाई काढतात तर त्यात नवल नाही.

वंशाचा हिशोब अजून पुरा झालेला नाही. १९४८ नंतर कॅरिबियनमधून आलेली बरीच माणसं जन्मापासून अँग्लिकन होती, तिकडच्या पाळकाचं पत्र घेऊन ती लंडनच्या आपल्या पॅरिशमध्ये गेली आणि कित्येक ठिकाणी दारातूनच त्यांना परत पाठवलं, पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. जनरल सिनडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च निवडून आलेल्या सभेने, याबद्दल फेब्रुवारी २०२० मध्ये माफी मागितली, म्हणजे सत्तर वर्षांनी. दरम्यान बार्बाडोसमध्ये जन्मलेले विल्फ्रेड वुड १९८५ ला क्रॉयडनचे बिशप झाले, चर्च ऑफ इंग्लंडचे पहिले कृष्णवर्णीय बिशप. आज लंडनच्या अनेक उपनगरी पॅरिशमध्ये चर्च चालू आहे ते ज्यांच्या आई-बापांना हाकललं होतं त्याच कुटुंबांच्या जोरावर, आणि हे लिहिताना वाईटही वाटतं आणि त्या लोकांबद्दल आदरही.

समलिंगी जोडप्यांच्या बाबतीत पॅरिशचे हात बांधलेले आहेत. २०१३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला पण चर्च ऑफ इंग्लंडला त्यातून वगळलं, शेजारच्या स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने मात्र २०१७ मध्ये परवानगी दिली. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ पासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना म्हणता येतात, वेगळा सोहळा करता येत नाही, त्यासाठी सिनडमध्ये दोन तृतीयांश बहुमत लागेल असं बिशपांनी २०२५ मध्ये सांगितलं. म्हणजे ज्या दोघी पंचवीस वर्षं त्याच चर्चच्या वेदीवर फुलं ठेवताहेत त्यांचं लग्न तिथे लागू शकत नाही. ही बंदी व्हिकरला पटत नाही, पीसीसीला पटत नाही, तरी लग्न नाही. अशा पॅरिशला रोज हे ओझं घेऊन काम करावं लागतं.

बाकी समावेश बराचसा सुतार-प्लंबरचा विषय असतो. पायऱ्यांच्या जागी रॅम्प, व्हीलचेअर जाईल एवढा टॉयलेटचा दरवाजा, श्रवणयंत्रात आवाज नीट पोचवणारी लूपची तार, मोठ्या टायपातली पुस्तकं, ग्लुटेन-फ्री भाकर, आवाजाने घाबरणाऱ्या ऑटिस्टिक मुलासाठी मागे एक शांत कोपरा. यातल्या बांधकामाच्या कामासाठी ‘फॅकल्टी’ नावाची चर्चच्या कोर्टाची परवानगी लागते, जुना बाक काढून टाकायचा तरी कागद, आणि त्यात महिने जातात.

आठवड्याचे बाकीचे दिवस हॉलचे. सोमवारी रांगणाऱ्या मुलांचा ग्रुप, मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग, मग योगा, मग एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं जेवण, कुठे निर्वासितांसाठी इंग्रजीचे वर्ग. चर्चच्या मागच्या बाजूला फूडबँकची, म्हणजे गरजूंना फुकट द्यायच्या सामानाची, टोपली असते, पास्ता, डबाबंद डाळी, टूथपेस्ट, डायपर, सॅनिटरी पॅड, आणि वीज-गॅसचे दर भडकले त्या २०२२-२३ च्या हिवाळ्यात कित्येक चर्चेसनी नुसता हीटर लावून आणि चहा ठेवून दिवसभर दार उघडं ठेवलं. लहान मुलांसाठीची ‘मेसी चर्च’ ही पद्धतही अशाच एका उपनगरी पॅरिशमधून आली, पोर्ट्समथजवळच्या काउप्लेनमध्ये २००४ साली. रंग, गोंद, गोष्ट, थोडी प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र जेवण. आता ती कितीतरी देशांत चालते.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नोव्हेंबरमधल्या सर्व आत्म्यांच्या दिवसाचं. वर्षभरात व्हिकरने ज्यांचे अंत्यविधी केले त्या सगळ्यांच्या घरच्यांना पत्र जातं, त्यातले बहुतेक चर्चला कधी न येणारे. संध्याकाळी चर्चमध्ये एकेक नाव वाचतात, घरच्यांनी पुढे येऊन मेणबत्ती लावायची, बाकी फारसं काही नाही. नाव उच्चारताना चुकू नये म्हणून व्हिकर आधी फोन करून विचारून घेते, पटेल, ओकोंक्वो, कोवाल्स्की. पुढच्या आठवड्यात त्यातलं कोणी हॉलमध्ये चहाला येतं, कोणी कधीच येत नाही, आणि चालतं.

मराठी माणसाचा या परंपरेशी संबंध जुना आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज गावी अँग्लिकन चर्चमध्येच झाला, पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक-रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला म्हणून केवढं वादळ उठलं ते तर सगळ्यांना माहीत आहे, तेही अँग्लिकनांचंच मिशन. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा महाराष्ट्रातली अँग्लिकन चर्चेस इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांबरोबर त्यात विलीन झाली, पण सीएनआय आजही जागतिक अँग्लिकन परिवाराचा भाग आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईहून लंडनला गेलेल्या सीएनआयच्या कुटुंबाला तिथल्या पॅरिशची उपासना फार परकी वाटत नाही.

पैशाची ओढाताण कायमची. प्रत्येक पॅरिश डायोसीसला, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या मोठ्या विभागाला, दरवर्षी ‘पॅरिश शेअर’ देतं, त्यातून पाळकांचे पगार आणि घरं चालतात, आणि पन्नास माणसांच्या देणग्यांत ते बसत नाही, मग हॉलचं भाडं, उन्हाळी जत्रा, जुन्या पुस्तकांची विक्री. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पाउंडावर सरकारकडून गिफ्ट एडचे २५ पेन्स मिळतात तो मोठा आधार. तरीही शेअर भरता आला नाही, व्हिकर निवृत्त झाला, की डायोसीस बघते की दोन-तीन पॅरिश एका व्हिकरकडे देता येतील का. २०२१ मध्ये ‘सेव्ह द पॅरिश’ मोहीम सुरू झाली ती याच भीतीतून. जागा रिकामी असताना वॉर्डनच सगळं ओढतात, आणि पीसीसी ‘पॅरिश प्रोफाइल’ लिहिते, आम्ही कोण, हद्दीत कोण राहतं, छपराला किती खर्च येईल आणि आम्हाला कसा व्हिकर हवा. इन्क्लुझिव्ह पॅरिश आपला ठराव त्यात पहिल्या पानावर घालतं, म्हणजे ज्याला ते पटत नाही तो अर्जच करत नाही, आणि अर्ज आले तरी पॅरिशच्या दोन प्रतिनिधींना नकार द्यायचा अधिकार असतो.