विशेष मुलांची व्हॅन: मुंबईत चालकाची, गाडीची आणि मुलाची कोणती कागदपत्रं लागतात

जून जवळ आला की विशेष शाळांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: व्हॅनवाल्या काकांकडे नेमकं काय काय असायला हवं? उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात, कारण कामं वाटली गेली आहेत. लायसन्स आणि परमिट आरटीओ बघतं, मुलाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालय देतं, शाळा वेळापत्रक आणि फी बघते. पण स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला गाडीत बसल्यावर काय लागतं, हे सांगणारा कागद यातलं कुठलंच कार्यालय मागत नाही. तो आपणच तयार करायचा. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, आधी सरकारी कागद उरकून घेऊ.

चालक

व्यावसायिक वाहन चालवायला किमान वय २० वर्षं लागतं. या वर्गाच्या लर्निंग लायसन्ससाठी आधीचं हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर करायचा. सोबत आधार, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा आणि नोंदणीकृत डॉक्टरनं भरून दिलेला फॉर्म १-ए जोडायचा. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीनुसार या लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

छोट्या व्हॅनच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी एक वाद मिटवला. एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल, तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर व्यावसायिक गाडीही चालवता येते. म्हणून बॅज नको, असा अर्थ मात्र काढू नका. कंत्राटी प्रवासी गाडी चालवणाऱ्याकडे आरटीओचा बॅज हवाच आणि पालकांनी तो डोळ्यांनी बघावा, फोटोवर समाधान मानू नये. आरटीओ आपापल्या भागाप्रमाणे: ताडदेव (एमएच-०१), अंधेरी (एमएच-०२), वडाळा (एमएच-०३) आणि बोरिवली (एमएच-४७).

पोलीस पडताळणीचा दाखला चालक आणि मदतनीस दोघांचाही मागावा. जे मूल घडलेलं सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत हा दाखला सगळ्यात आधी मागायचा, त्यात भिडस्तपणा नको. दिल्लीच्या वाहतुकीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये शाळेच्या बसचालकासाठी घालून दिलेली कसोटी इथेही वापरण्यासारखी आहे. अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडण्यासारख्या गुन्ह्यांत वर्षात दोनपेक्षा जास्त चलानं झालेला माणूस नको आणि अतिवेग किंवा दारू पिऊन चालवल्याचं एकही चलान असलेला तर नकोच. ई-चलानं गाडीच्या नंबरावर निघतात. काकांना त्यांच्याच मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा. ज्याचं काम स्वच्छ आहे तो लगेच दाखवतो.

गाडी

पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्यानं मुलं नेत असेल तर विषय तिथेच संपवा. विनापरमिट वाहतुकीला पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करू शकते. कागदांत आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती आणि स्पीड गव्हर्नरचं प्रमाणपत्र बघायचं. पासिंग आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी होतं. परमिट आणि विमा या दोन्हींवर वापराचा प्रकार एकच लिहिलेला आहे ना, हे जुळवून बघा. गडबड बहुधा तिथेच सापडते.

महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, शाळा आणि गाडीमालक यांच्यात करार होतो आणि मुली असतील तर महिला मदतनीस लागते. विशेष शाळेच्या पालकांनी या समितीची तारीख विचारून ठेवावी. मदतनीस बदलायची असेल किंवा थांबा हलवायचा असेल, तर तो विषय तिथे मांडायचा.

सीटच्या हिशोबाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. १९९७ च्या त्या आदेशात शाळेच्या बसमध्ये आसनक्षमतेच्या दीडपटीपर्यंत मुलं नेण्याची मर्यादा आहे. विशेष मुलांच्या गाडीत ही सवलत वापरूच नये. एका मुलाला एक सीट आणि एक पट्टा. शेजारच्याचं कोपर लागलं तरी ज्याचा तोल जातो, त्याला दाटीवाटीत बसवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. शिवाय १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास कायद्यानं १,००० रुपये दंड आहेच. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून वाहतूक पोलीस मागच्या प्रवाशांच्या पट्ट्याचाही आग्रह धरतात.

व्हीलचेअरसाठी सीट काढून रॅम्प किंवा लिफ्ट बसवायची असेल तर आधी आरटीओची मंजुरी, मग काम. मूळ बनावटीत परस्पर बदल केलेला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. बदलानंतर आरसीवर आसनक्षमता दुरुस्त करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. खुर्ची समोर तोंड करून चार पट्ट्यांनी जमिनीच्या हुकांना बांधतात, दोन पुढून आणि दोन मागून. मुलाला गाडीचा वेगळा पट्टा लागतो. खुर्चीला असलेला कमरेचा पट्टा बसण्याची ठेवण राखण्यापुरता असतो, ब्रेकच्या झटक्यात तो पुरत नाही. खुर्चीचा ट्रे काढून वेगळा ठेवायचा. पट्टे आवळून झाल्यावर मदतनीसानं खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघावी. ती हलली तर पुन्हा बांधायची, मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

मुलाची कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी त्यांतच येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि तपासण्यांचे जुने अहवाल जवळ ठेवायचे आणि मिळालेल्या तारखेला नेमून दिलेल्या रुग्णालयात जायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे.जे. यांसारख्या ठिकाणी ही तपासणी होते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं. तपासणीच्या दिवशी मुलाचा खाऊ आणि आवडतं खेळणं विसरू नका, रांगा लांब असतात.

कार्ड नसेल तर व्हॅनमध्ये बसू देणार नाही, असं कुठे लिहिलेलं नाही. पण प्रवासाचा खर्च मागायचा झाला तर कार्डच पुढे करावं लागतं. याच कायद्याच्या कलम १६ नुसार दिव्यांग मुलांना, आणि जास्त आधाराची गरज असलेल्या मुलांच्या मदतनीसालाही, वाहतूक सुविधा मिळायला हवी. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वाहतूक भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. सरकारी किंवा महापालिका शाळेत मूल असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हरवतो.

कोणी न मागणारा कागद

आता तो कागद. एका पानात, मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि चालकाला सोयीची असेल तर हिंदीतही. एक प्रत गाडीत, एक शाळेत. शाळेच्या गाडीत मुलांची नावं, रक्तगट, थांबे आणि संपर्काची यादी ठेवणं अपेक्षित आहेच. हे पान त्याच्या पुढचं.

मूल बोलतं का, आणि बोलत नसेल तर नको, दुखतंय, शू लागली हे कसं दाखवतं, ते आधी लिहा. मग कोणत्या आवाजानं बिथरतं. ‘आवाज सहन होत नाही’ एवढं पुरत नाही. ‘ढोल-ताशा ऐकला की पट्टा सोडून खाली बसतो, हेडफोन निळ्या बॅगेत आहेत’ असं लिहा. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळकडून जाणाऱ्या व्हॅनला याची किंमत कळते. आगमन-विसर्जनाच्या दिवसांचा वेगळा मार्ग आधीच ठरवून मुलाला सांगून ठेवावा, कारण स्वमग्न मुलाला रोजचं वळण चुकलेलं लगेच कळतं आणि तेवढ्यानंही दिवस बिघडू शकतो. पावसाळ्यात तर हे दर आठवड्याला होतं. अंधेरी सबवे बंद, हिंदमाताला पाणी, गाडी वळवली की मागच्या सीटवर रडारड. रस्त्याच्या फोटोंची दोन-तीन कार्डं गाडीत असली आणि ‘आज या रस्त्यानं’ असं दाखवता आलं, तर बरंच निभावतं.

मुलाची सीट रोज तीच ठेवा. दार उघडून पळण्याची सवय असेल तर ते ठळक लिहा. चाइल्ड लॉक आहे की नाही, हे सही करण्याआधी तपासायचं. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. डॉक्टरनं तसं सांगितलं असेल तर ‘मानेला झटका नको, स्पीड ब्रेकरवर हळू’ हे पहिल्या तीन ओळींत हवं. खड्ड्यांचा रस्ता असेल तर मागच्या चाकावरची सीटही टाळावी.

आकडी येत असेल तर काय करायचं हे डॉक्टरांच्या सहीनं जोडा. चालकाला माहीत असायलाच हवं ते एवढं: गाडी बाजूला घेऊन थांबवा, घड्याळ बघा, कुशीवर वळवा, डोक्याला लागेल असं काही दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा हुंगवण्यानं काही होत नाही. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वासाला त्रास वाटला तर १०८. आणि हे सगळं चालू असताना बाकीच्या मुलांना गाडीतून उतरू द्यायचं नाही. मदतनीस हवी ती यासाठीच. चालकानं एकट्यानं दोन्ही करणं शक्य नाही.

शेवटी, मूल कोणाच्या हातात द्यायचं त्या दोन किंवा तीन माणसांची नावं आणि फोटो. वॉचमनच्या हवाली करणं बंद. शेवटचा थांबा झाला की चालकानं मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं. झोपलेलं मूल आरशात दिसत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर

कार्यशाळेत जाणारी मुलगी वीस वर्षांची झाली की हे पान भरताना तिला विचारावं. तिला कोणती सीट हवी, कोण सोबत चालेल, हे ती आपल्या पद्धतीनं सांगते. कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे असल्यानं राहत्या पत्त्याप्रमाणे फोर्ट किंवा वांद्रे पूर्व इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करायची. नुसत्या व्हॅनच्या संमतीपत्रासाठी हा खटाटोप करू नका. बँक, मालमत्ता, उपचार अशी कारणं असतील तर जरूर करा.

तक्रार

जादा मुलं, संपलेलं फिटनेस किंवा बॅज नसलेला चालक दिसला तर आरटीओ आणि शाळेची परिवहन समिती, दोघांनाही लेखी कळवा. केवळ दिव्यांगत्वामुळे मुलाला गाडी नाकारली तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. गाडीत लैंगिक छळाची शंका आली, तर समिती वगैरेची वाट न बघता ११२ किंवा १०९८ लावा. पॉक्सो कायद्यानं ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ती दडवणं हा शाळेसाठीही गुन्हा आहे.